खिळा न ठोकता

सोलापुरात आमचे बालपण भाड्याच्या घरात गेले. जुना वाडा होता. पुढच्या सोप्यात घरमालक आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही सहा माणसे. मालक माणूस म्हणून वाईट नव्हता. भाड्याला पाच-दहा दिवस उशीर झाला तरी तो तोंड वाकडे करीत नसे. पण एक अट त्याने पहिल्याच दिवशी अब्बांना घातली होती. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भिंती मातीच्या होत्या, खिळा मारला की वीतभर पोपडा खाली यायचा. म्हणजे त्याचेही काही चुकत नव्हते.

अम्मीने या अटीवरून कधी कुरकुर केली नाही. तिने कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधले. आरसा कोनाड्यात टेकवला. आयतुल कुर्सीची फ्रेम दोन ट्रंका एकावर एक ठेवून वरच्या ट्रंकेवर उभी केली. मच्छरदाणीसाठी तुपाचे चार रिकामे डबे वाळूने भरले आणि त्यांत चार बांबू रोवले. कपड्यांची दोरी एका खिडकीच्या गजापासून दुसऱ्या खिडकीच्या गजापर्यंत गेली. एकोणीस वर्षांनी आम्ही ते घर सोडले, तेव्हा मालकाने सगळ्या भिंतींवरून हात फिरवला आणि अब्बांना विचारले, "तुम्ही राहत होता ना इथं?"

ही गोष्ट आम्ही विसरलो होतो. ती आठवली शाळेतल्या संगणकांमुळे.

आम्ही गणिताचे शिक्षक. (आम्ही म्हणजे हे लिहिणारा एकटाच माणूस. शाळेच्या पत्रव्यवहारात आयुष्य गेल्यामुळे 'मी' लिहायची सवय मोडली आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.) शाळेच्या वरच्या मजल्यावर संगणकाची एक खोली होती. एका योजनेतून दहा संगणक आलेले. ठेकेदाराने बसवले, शिकवायला ठेकेदाराचाच एक मुलगा होता. कराराची पाच वर्षे संपली, मुलगा निघून गेला, संगणक राहिले. हस्तांतराचे कागद अर्धवट राहिले होते, म्हणून संगणक शाळेचे की ठेकेदाराचे हे कोणी छातीठोकपणे सांगेना. मोठ्या बाईंनी खोलीला कुलूप लावले. पुढे २०२० ची टाळेबंदी आली, त्यामुळे शाळेलाच कुलूप लागले.

जून २०२२ मध्ये वर्ग नेहमीसारखे भरू लागले, तेव्हा नववीच्या मुलांनी आम्हाला घेरले. दोन वर्षे त्यांनी मोबाइलच्या वीतभर पडद्यावर शाळा केली होती. "सर, वर संगणक आहेत ना? मग आम्हाला प्रोग्रॅमिंग का नाही?" त्याच सुमारास जुन्या सामानाच्या निर्लेखनाची यादी करायची होती. वापरात नाही ते यादीत घालायचे आणि भंगारात काढायचे. दहाही संगणकांची नावे त्या यादीत पेन्सिलीने लिहिलेली आम्ही पाहिली. पेनाने लिहायच्या आत काहीतरी करायला हवे होते.

खोली उघडली. धूळ झटकली. दहापैकी नऊ सुरू झाले. विंडोज सात, ३२ बिटचे, दोन जीबी मेमरी. पडद्यावर तीन नावे यायची. अ‍ॅडमिन, टीचर आणि स्टुडंट. टीचर आणि स्टुडंट यांना पासवर्ड नव्हता. अ‍ॅडमिनला होता. आम्ही 'स्टुडंट'मधून आत गेलो, पेनड्राइव्हवर आणलेले एक सॉफ्टवेअर बसवायला घेतले, आणि पडदा काळवंडून मधोमध एक चौकट आली. पुढे जायचे असेल तर प्रशासकाचा पासवर्ड टाका. नसेल तर प्रशासकाशी संपर्क साधा.

प्रशासक म्हणजे तो ठेकेदाराचा मुलगा. रजिस्टरमध्ये त्याचा नंबर होता. तो नंबर आता बार्शीच्या एका बाईंकडे गेला होता. आम्ही तिसऱ्यांदा फोन केल्यावर त्या चिडल्या.

आमच्या पेठेत संगणक दुरुस्तीचे एक दुकान आहे. दुकानदार आमचाच जुना विद्यार्थी. त्याने ऐकून घेतले आणि हसून म्हणाला, "सर, पाच मिनट का काम है. पेनड्राइव्ह लगाया, पासवर्ड गया. चाय आने से पैले."

खरे सांगायचे तर आम्ही मोहात पडलो. पाच मिनिटे! पण संगणक कोणाचे हेच ठरलेले नव्हते. दुसऱ्याची अमानत आपल्या ताब्यात आहे म्हणून तिचे कुलूप तोडायचे का, असा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला, आणि उत्तर नकारार्थी आले. वाचकांना यात आमचा मोठेपणा दिसला तर आम्हाला आवडेल, पण निम्मे कारण भीतीचे होते. पासवर्डबरोबर विंडोजही गेली असती तर डेडस्टॉक रजिस्टरपुढे उभे राहून उत्तर आम्हालाच द्यावे लागले असते.

रात्री लेकीला फोन लावला. ती पुण्याला हिंजवडीत एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. टाळेबंदीत वर्षभर तिने आमच्याच घरी, स्वयंपाकघराला लागून असलेल्या टेबलावर बसून नोकरी केली होती. त्या काळात आम्ही एक चमत्कार पाहिला होता. संगणकात एवढी शिकलेली मुलगी, पण स्वतःच्या लॅपटॉपवर एक साधे साधन बसवायचे तर तिला कंपनीकडे 'तिकीट' काढावे लागे. "कसले तिकीट? एसटीचे?" आम्ही विचारले होते. "अब्बा, एसटी बरी. ती येते तरी." तिचे तिकीट चौथ्या दिवशी मंजूर झाले होते.

त्यामुळे पासवर्डची चौकट तिला नवी नव्हती. तिने सगळे ऐकले आणि विचारले, "तुमकू पूरे कंप्यूटर पे डालना है, की सिरफ बच्चों के वास्ते?"

या प्रश्नाचा अर्थ आम्हाला कळला नाही. तिने समजावले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो.

संगणकात दोन प्रकारच्या जागा असतात. एक सगळ्यांची, म्हणजे वाड्याच्या भिंती. विंडोजचा स्वतःचा फोल्डर आणि 'प्रोग्रॅम फाइल्स' हा फोल्डर त्यात येतो. तिथे काही ठेवले की ते प्रत्येकाला दिसते, आणि बिघडले तर प्रत्येकाचे बिघडते. म्हणून तिथे हात लावायला प्रशासक लागतो. दुसरी जागा ज्याची त्याची. 'यूजर्स' नावाच्या फोल्डरात प्रत्येक नावाची एक खोली असते. 'स्टुडंट'ची खोली 'स्टुडंट'ची. तिथे त्याने काहीही मांडावे, कोणी पासवर्ड विचारत नाही. विंडोजची एक मोठी नोंदवही असते, रजिस्ट्री म्हणतात तिला. तिचेही असेच भाग आहेत. एक सगळ्या यंत्राचा, एक आत बसलेल्या माणसाचा. बहुतेक सॉफ्टवेअर सवयीने भिंतीला खिळा मारायला जातात, म्हणून चौकट येते. पण प्रोग्रॅमिंगच्या कितीतरी साधनांना खिळ्याची गरजच नसते. ती खोलीत ट्रंकेवर उभी राहू शकतात. लिनक्सवर तर त्या खोलीला 'होम'च म्हणतात. तिथे माणसे मूळ प्रोग्रॅम आणून आपल्या होममध्येच बांधून घेतात. सुरुवातीला 'प्रीफिक्स' म्हणून आपल्या घराचा पत्ता सांगितला की झाले.

फोनवर हे ऐकत असताना आम्हाला अम्मीच्या बांबूचे डबे दिसू लागले.

ही भिंतीची अट कोणी दुष्टपणाने घातली आहे, असे मात्र नाही. युनिक्स ही प्रणाली १९६९ पासून अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये घडत गेली. तेव्हा यंत्र महाग होते आणि एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचे होते. एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम मरू नये म्हणून प्रत्येकाला आपापली हद्द आणि सगळ्यांवर एक 'रूट', म्हणजे मूळपुरुष. पण रोजच्या बारीकसारीक कामाला मूळपुरुषाची किल्ली वाटत सुटणेही धोक्याचे. म्हणून १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशाल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' लिहिला. नेमून दिलेल्या कामापुरता अधिकार द्यायचा, एवढेच त्याचे काम. घरगुती विंडोजमध्ये हे पथ्य उशिरा आले. २००१ च्या एक्सपीमध्ये बहुतेक घरांत जो बसेल तो राजा. २००७ ला व्हिस्टा आली आणि तिने प्रत्येक पावलाला विचारायला सुरुवात केली. लोक वैतागले. आम्ही वैतागलो नाही, कारण एक्सपीवर आमच्या भाच्याने एका दुपारी राजा होऊन जे काही बसवले, त्यात धाकट्या भावाच्या लग्नाचे सगळे फोटो गेले होते. कुलपाची किंमत आम्हाला माहीत आहे.

लेकीने शेवटी एक सांगितले, आणि या लेखात काही घेण्यासारखे असेल तर ते तिचे आहे. तिच्या कंपनीत एका सहकाऱ्याने असेच आपल्या खोलीपुरते एक सॉफ्टवेअर चालवले होते. पासवर्ड लागला नाही, म्हणून त्याने चालते असे धरले. पण कंपनीचा नियम यादीतलेच वापरायचे असा होता. त्याला लेखी ताकीद मिळाली. "अब्बा, दरवाजे कू ताला नै, इसका मतलब अंदर आओ बोले, ऐसा नै होता. पैले पूछो, फिर करो."

अधिकार आणि परवानगी हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मराठीचे नसले तरी शाळेचे मास्तर म्हणून आम्हाला आधीच कळायला हवे होते. अधिकार आमच्याकडे नव्हता. परवानगी मागायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या बाईंना अर्ज दिला. 'संगणकाच्या मूळ प्रणालीस कोणताही धक्का न लावता, केवळ विद्यार्थ्यांच्या खात्यात, विनामूल्य व मूळ ठिकाणाहून घेतलेले' अशी ती भाषा. बाईंनी दोनदा वाचला. "सर, काढून टाकायचे म्हटले तर निघेल का?"

"एक फोल्डर पुसला की झाले."

हे उत्तर थोडे गुळगुळीत होते, नोंदवहीतल्या ओळी उरतातच. पण काढून टाकायची रीतसर सोयही त्या सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि तिलाही पासवर्ड लागत नाही. बाईंनी समासात लिहिले, 'परवानगी. स्वतःच्या जबाबदारीवर.' आणि खाली एक ओळ आणखी, 'इंटरनेट जोडू नये.' ती ओळ त्यांनी सावधपणे घातली असेल, पण ती अगदी बरोबर होती. विंडोज सातला सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे जानेवारी २०२० मध्येच थांबले होते.

पायथन ही भाषा घ्यायची असे लेकीने ठरवले होते. आम्ही घरी तिच्या मूळ संकेतस्थळावरून ताजी आवृत्ती उतरवली, पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि शनिवारी शाळा सुटल्यावर वर गेलो. दोन मुले, दोन मुली मदतीला. फाइल उघडली तर तिने तोंडावरच सांगितले, विंडोज ८.१ च्या खाली चालणार नाही. संपला शनिवार.

त्या रात्री कळले की विंडोज सातवर चालणारी पायथनची शेवटची मालिका ३.८ आहे. त्यातली ३.८.१० ही आवृत्ती मे २०२१ ची. ३२ बिटची फाइल सुमारे २६ एमबीची, मोबाइलच्या डेटावर चहा होईपर्यंत उतरली. तिच्यासोबत संकेतस्थळावर आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ छापलेली असते, फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा. विंडोजमध्ये 'सर्टयूटिल' नावाची एक आज्ञा असते, ती दिली की आपल्या फाइलचा ठसा काढून मिळतो. तिलाही प्रशासक लागत नाही. दोन ठसे जुळले म्हणजे वाटेत कोणी फाइल बदललेली नाही. हे आम्ही सोमवारी मोठ्या बाईंसमोर करून दाखवले. त्यांनी दोन्ही ओळी बोट ठेवून, अक्षर अन् अक्षर मिळवून पाहिल्या. अर्जापेक्षा त्यांचा विश्वास त्या ठशाने जास्त बसला असे आम्हाला वाटते.

मग ती फाइल उघडली. 'इन्स्टॉल नाऊ' दाबले. पडदा काळवंडला, आणि तीच चौकट. प्रशासकाचा पासवर्ड.

आम्ही खुर्चीत मागे टेकलो. मुले गप्प. एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, यादीत गेले का मग?" पेन्सिलीची यादी मुलांनाही माहीत होती, हे आम्हाला तेव्हा समजले.

मधल्या सुट्टीत लेकीला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती. पाच मिनिटांनी तिचाच आला. "पैली स्क्रीन पढो मेरेकू. एकदम नीचे क्या है?"

खाली दोन ओळी होत्या, बारीक अक्षरात. पहिली, लाँचर सर्व वापरकर्त्यांसाठी बसवा. तिच्यापुढे आधीच टिक होती, आणि कंसात शिफारसही. दुसरी, पायथनचा पत्ता पाथमध्ये घाला. तिच्यापुढे टिक नव्हती.

"ऊपर की निकालो. नीचे की लगाओ."

एवढेच होते! सगळे पायथन स्टुडंटच्या खोलीतच राहायला तयार होते. फक्त लाँचर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम सगळ्यांच्या भिंतीवर टांगायची इच्छा त्या टिकेने धरली होती, आणि त्या एका खिळ्यासाठी पासवर्ड मागितला जात होता. टिक काढली. हिरवी पट्टी सरकू लागली. चौकट आली नाही. पट्टी शेवटपर्यंत गेली आणि काम यशस्वी झाल्याचा निरोप आला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि खालच्या मजल्यावरून शिपाई काय झाले ते बघायला आला.

नऊपैकी सात संगणकांवर हे असे झाले. दोघांवर आम्ही हरलो. त्या दोघांत विंडोजची एक जुनी दुरुस्ती बसवलेलीच नव्हती, सी भाषेच्या रनटाइमची. तिच्याशिवाय पायथन ३.८ चालत नाही, आणि ती दुरुस्ती म्हणजे थेट भिंतीचे काम. तिथे टिक नाही की युक्ती नाही. बिनखिळ्याच्या घरातही झुंबर टांगता येत नाही.

त्या दोघांसाठी लेकीने दुसरी वाट सांगितली. फ्रेंच प्रोग्रॅमर फाब्रिस बेलार यांनी टायनी सी कंपायलर लिहिला. नावाप्रमाणेच तो चिमुकला आहे, आपल्या मोबाइलवरच्या एखाद्या फोटोपेक्षाही लहान. झिप फाइल उलगडून फोल्डर डेस्कटॉपवर ठेवला की सी भाषेचा कारखाना सुरू. बसवणे असे नाहीच. त्याचा पत्ता 'पाथ'मध्ये घालायचा तेवढा राहिला. पाथ म्हणजे, आज्ञा दिल्यावर संगणकाने कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचे याची यादी. नेहमीच्या वाटेने, म्हणजे 'सिस्टिम'च्या खिडकीतून गेले तर पुन्हा पासवर्ड. पण कंट्रोल पॅनेलमधल्या 'यूजर अकाउंट्स'मध्ये डाव्या हाताला, कोणाचे सहसा लक्ष जात नाही अशा जागी, 'माझे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स बदला' अशी एक ओळ असते. माझे. तो शब्द वाचून आम्हाला फार बरे वाटले. तिथे कोणी काही विचारत नाही.

मग त्या दोन संगणकांवर सी आणि सातांवर पायथन असा वर्ग सुरू झाला. बुधवार आणि शनिवार, शेवटचे दोन तास.

पहिल्याच महिन्यात फजिती झाली. तपासणीला एक अधिकारी आले. मोठ्या बाई त्यांना मोठ्या हौसेने वर घेऊन आल्या. आमच्या एका सहकाऱ्यांनी आधीच जाऊन संगणक सुरू करून ठेवले होते. साहेबांसमोर मुलगी बसली, पायथन शोधू लागली, तर पायथन नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावरही नाही. बाई आमच्याकडे बघू लागल्या. आमच्या पाठीला घाम फुटला. स्वतःच्या जबाबदारीवर, हे शब्द डोळ्यांपुढे नाचू लागले. तेवढ्यात ती मुलगीच म्हणाली, "सर, हे टीचरच्या खोलीत बसलेत. आपले सामान स्टुडंटच्या खोलीत आहे." सहकाऱ्यांनी शिक्षक म्हणून साहजिकच 'टीचर' या नावावर टिचकी मारली होती. आणि आमचे बिऱ्हाड होते विद्यार्थ्याच्या खोलीत. साहेब मनमोकळे हसले. निर्लेखनाच्या यादीतले ते पान त्या वर्षी पेनाने लिहिले गेले नाही.

मराठीचेही असेच. मुलांना नावे मराठीत लिहायची होती. काळ्या खिडकीत देवनागरीचे नुसते चौकोन दिसायचे, पण पायथनसोबत येणाऱ्या आयडल या संपादकात अक्षरे नीट उमटायची. विंडोज सातमध्ये मराठीचा कळफलक जोडणे ही ज्याच्या त्याच्या पसंतीची गोष्ट असल्याने तिथेही पासवर्ड लागला नाही. शिवाय पायथन ३ मध्ये चलांची नावेसुद्धा देवनागरीत चालतात. 'नाव', 'वय', 'गुण' अशी. एका मुलाने वय विचारणाऱ्या प्रोग्रॅमला सहज '१४' असे देवनागरी आकड्यांत उत्तर दिले. आम्ही म्हणालो, "आता चुकेल." चुकले नाही. पायथनने १४ चा अर्थ बरोबर चौदा लावला, आणि पुढच्या वर्षी तू पंधराचा होशील असे त्याला सांगितले. (प्रोग्रॅमच्या मजकुरात मात्र देवनागरी आकडा लिहिला तर तो रागावतो. बाहेरून आलेला चालतो, घरातला चालत नाही. आपल्याकडेही अशी घरे आहेत.)

त्यातल्या एका मुलीबद्दल लिहायला हवे. 'सर, यादीत गेले का मग?' असे विचारणारी तीच. तिची आई घरी विड्या वळते. सोलापुरात अशी घरे किती आहेत हे वाचकांना सांगायला नको. हजार विड्यांचा दर, आठवड्याचा हिशेब. मुलीने दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. रोजच्या विड्या टाकायच्या, शनिवारी मजुरी दिसायची. सोमवारी ती तोंड पाडून आली. प्रोग्रॅमचा आकडा आणि आईच्या हातात पडलेली मजुरी जुळत नव्हती. मजुरी कमी होती. तिला वाटले, आईला फसवले जाते आहे, आणि ते आपण संगणकाने पकडले.

"आईला सांगितलेस?"

"सांगितले. आई हसली सर. म्हणाली, तपासताना बाद झालेल्या विड्या तुझ्या यंत्राने धरल्याच नाहीत. तिने बोटांवर करून दाखवले. तिचा हिशेब पैशाला पैसा बरोबर."

मग तिने बाद विड्यांची एक ओळ वाढवली. पुढच्या शनिवारी आकडा जुळला. आईने यावर काय म्हटले असे विचारले तर म्हणाली, "आई म्हणाली, आता शिकले तुझे यंत्र." त्यानंतर मात्र आईने एक काम तिच्यावर सोपवले. बाद विड्यांचा आकडा दर आठवड्याला लिहून ठेवायचा. बोटांवर आठवडा मावतो, वर्ष मावत नाही.

ते संगणक २०२५ मध्ये खरोखरच निर्लेखनात गेले. वय झाले होते. तोपर्यंत हस्तांतराचे कागद पुरे झाले होते, शाळेत नवे संगणक आले होते आणि त्यांचे पासवर्ड पाकिटात बंद करून मोठ्या बाईंच्या कपाटात ठेवले होते. जुने उचलायला टेम्पो यायच्या आदल्या दिवशी आम्ही एकेकावर बसून मुलांचे फोल्डर काढून घेतले. तीन बॅचेसच्या मुलांचे काम, सगळे मिळून एका पेनड्राइव्हचा कोपराही भरला नाही. मग स्टुडंटच्या खोलीतले पायथन रीतसर काढून टाकले. टेम्पोत जाणाऱ्या संगणकातून ते काढायची काहीच गरज नव्हती. पण अर्जात लिहून दिले होते. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विंडोजच्या त्या जुन्या निळ्या पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सर, जसे होते तसे दिसतात हो." आम्हाला वाड्याचा मालक आठवला.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी फोन आला. विड्यांच्या हिशेबवाली. आता ती तंत्रनिकेतनात आहे.

"सर, इथल्या लॅबमध्ये पायथन टाकतेय. पासवर्ड मागतोय."

"खालची टिक काढ."

"लाँचरवाली ओळच नाही सर. नवीन आवृत्ती आहे. दोन ओळी आहेत, पण वेगळ्या."

"वाच बघू."

तिने वाचली. पीवाय डॉट ईएक्सई बसवताना प्रशासकाचे अधिकार वापरा. टिक होती.

"हीच ती. नाव बदलले आहे. काढ."

पलीकडे टिचकीचा आवाज आला. आम्ही विचारणार होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "तिथल्या सरांना विचारले का, हेच ना? विचारले सर. ते शेजारीच उभे आहेत. ते म्हणतायत, ही टिक काढायची हे त्यांनाही माहीत नव्हते."